आठाचा डॉलर सोळावर: सेशेल्स, 2008 (प्रकरण अभ्यास)

हिंदी महासागरातल्या सेशेल्सने 1 ऑक्टोबर 2008 रोजी आपल्या आंतरराष्ट्रीय रोख्यांवरचा सहामाही व्याजाचा हप्ता भरला नाही. रक्कम होती सुमारे 1 कोटी 5 लाख डॉलर. महिनाभरात देशाने आपला रुपया बाजाराच्या हवाली केला आणि दीड वर्षाच्या आत परदेशी कर्जाचा मोठा भाग निम्म्यावर आणला. छोट्या बेटाच्या चलनाचं गणित कसं बिघडतं आणि कोणत्या क्रमाने सावरतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत. खाली देशाची माहिती खरी आहे. आयातदाराचं उदाहरण मात्र हिशेब समजावा म्हणून बेतलेलं आहे.

पार्श्वभूमी

115 बेटं, त्यातली माहे, प्रालँ आणि ला दिग ही मुख्य वस्तीची. 2008 मध्ये लोकसंख्या जेमतेम 87 हजार, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याहूनही कमी. देश 1976 मध्ये स्वतंत्र झाला, 1977 मध्ये सत्तापालट झाला आणि त्यानंतर बराच काळ समाजवादी वळणाचा कारभार चालला. शिक्षण आणि आरोग्यसेवा मोफत होती, सरकारी नोकऱ्या भरपूर होत्या आणि जीवनावश्यक वस्तूंची आयात एका सरकारी व्यापार मंडळाच्या हातात होती. आफ्रिकेच्या मानाने राहणीमान उत्तम होतं. ते टिकवायला लागणारे डॉलर मात्र दोनच दारांनी येत: पर्यटन आणि ट्यूना मासा. 2007 मध्ये सुमारे 1 लाख 60 हजार पर्यटक आले. व्हिक्टोरिया बंदरातला ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना मालाच्या निर्यातीत सिंहाचा वाटा उचलत होता. तांदूळ, दूध पावडर, डिझेल, सिमेंट, औषधं हे सगळं जहाजातून येई.

सेशेल्सचा रुपया अनेक वर्षं सरकारने ठरवलेल्या दराला बांधलेला होता. 2006 पर्यंत डॉलरचा अधिकृत भाव साडेपाच रुपयांच्या आसपास राहिला, मग टप्प्याटप्प्याने 2008 पर्यंत तो आठावर नेला. रस्त्यावरचा भाव त्याच्या बराच वर होता.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता डॉलरची टंचाई होती. खोलात गेलं की दिसतं ते असं: सरकारचा खर्च उत्पन्नाहून जास्त, तूट भरायला देशातल्या बँका आणि मध्यवर्ती बँक यांच्याकडून उचल, त्यातून बाजारात फिरणारे जादा रुपये, आणि त्या रुपयांनी विकत घ्यायला पुरेसे डॉलर नाहीत. भाव बांधलेला असल्याने टंचाई किमतीत दिसत नाही, ती रांगेत दिसते. आयातदाराने बँकेत अर्ज करायचा, रुपये भरायचे आणि आपला नंबर लागेपर्यंत महिनोन्महिने वाट पाहायची.

एक मध्यम आयातदार घ्या. त्याला 20,000 डॉलरचा दूध पावडरचा माल आणायचा आहे. अधिकृत भावाने त्याला 1,60,000 रुपये लागतील. रांगेत नंबर लागला नाही, तर बाहेर, समजा 12 च्या भावाने, तेच डॉलर घ्यायला 2,40,000 रुपये मोजावे लागतील. आता दुकानातली किंमत जर सरकारने आठाच्या हिशेबाने बांधून दिली असेल, तर बाहेरून डॉलर घेऊन आणलेला माल विकताना प्रत्येक पेटीवर तोटा होतो. तो आयात थांबवतो आणि फळी रिकामी पडते. ज्याचा नंबर लागला त्याच्या खिशात मात्र काही न करता 80,000 रुपयांची तफावत पडते. ही तफावत जितकी मोठी, तितकी 'ओळख' महाग होते. सचोटीचा व्यापारी अशा व्यवस्थेत आधी बुडतो, म्हणून दोष माणसांना देण्याआधी भावाकडे बघावं.

दुसरी बाजू हॉटेलांची. पर्यटकांनी हॉटेलचं बिल परकीय चलनातच भरायचं, असा कायदा होता. डॉलर गोळा करायचा हा सरळ मार्ग वाटला, पण आठाला विकले जाणारे डॉलर बाहेर बाराला जात असतील, तर हॉटेलवाला ते शक्य तितके परदेशातच ठेवतो. बुकिंगचे पैसे परदेशी एजंटाच्या खात्यात राहतात आणि बेटावर खर्चापुरतेच येतात. नियम जितके कडक होत गेले, तितके डॉलर बँकेच्या खिडकीपासून दूर गेले.

पहिला निर्णयबिंदू: 2003 आणि 2006

2003 मध्ये सरकारने आर्थिक सुधारणांचा कार्यक्रम आणला. 12 टक्क्यांचा वस्तू व सेवा कर लावला, खर्चाला कात्री लावली. त्याने तूट आटोक्यात आली, पण विनिमय दराला हात लावला नाही. परिणाम वाईट झाला: मागणी दाबली गेली, वाढ मंदावली आणि डॉलरची रांग मात्र तशीच राहिली. अर्धीच सुधारणा केली की त्रास पूर्ण होतो आणि फायदा होत नाही, याचा हा नमुना.

मग सप्टेंबर 2006 मध्ये देशाने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकले: 20 कोटी डॉलर, व्याज 9.125 टक्के, मुद्दल 2011 मध्ये एकरकमी. पुढच्या वर्षी त्यात आणखी 3 कोटींची भर पडली. या पैशातून जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक यांसारख्यांची जुनी थकबाकी फेडली गेली. कागदावर देश 'स्वच्छ' झाला. प्रत्यक्षात जुन्या, समजूतदार सावकारांच्या जागी महागडे आणि अनोळखी सावकार आले. डॉलर कमावण्याची क्षमता तेवढीच राहिली.

हिशेब मांडून पाहा. 23 कोटींवर 9.125 टक्के म्हणजे वर्षाला सुमारे 2 कोटी 10 लाख डॉलर नुसतं व्याज. आणि 2011 मध्ये एका दिवशी 23 कोटी, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या अंदाजे चौथा हिस्सा. असं कर्ज परत फेडण्याच्या नव्हे, तर पुन्हा नवं काढून भागवण्याच्या भरवशावरच घेतलं जातं. सप्टेंबर 2008 मध्ये जगभरचे रोखेबाजार गोठले आणि तो भरवसा संपला.

2008: घसरण

तेलाने त्या वर्षी जुलैमध्ये पिंपाला 147 डॉलरचा टप्पा गाठला आणि धान्याच्या किमतीही चढल्या. सगळंच आयात करणाऱ्या बेटाचं बिल फुगलं आणि परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ आटली. जुलैमध्ये 5 कोटी 47.5 लाख युरोंच्या खासगीरीत्या विकलेल्या रोख्यांवरचा हप्ता चुकला, आणि ऑक्टोबरमध्ये मुख्य रोख्यांवरचा. सार्वजनिक परदेशी कर्ज सुमारे 80 कोटी डॉलर होतं, म्हणजे ढोबळमानाने देशाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाइतकं. त्यावर देशांतर्गत कर्ज वेगळं.

समोरच्या वाटा

पहिली वाट, दर धरून ठेवायचा आणि रेशनिंग आणखी कडक करायचं. ती आधीच चालून झाली होती. शिवाय रेशनिंग करायलाही हातात काही तरी असावं लागतं.

दुसरी, एकदाच मोठं अवमूल्यन करून नव्या दराला बांधायचं. भारताने जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत केलं ते आपल्याकडे अनेकांना आठवत असेल, म्हणून ही वाट ओळखीची वाटते. पण नवा दर कोणता? 11? 14? 18? खरा भाव कुणालाच माहीत नव्हता, कारण काळ्या बाजारातला भाव धोका आणि दंडाची भीती मिसळलेला असतो. चुकीचा आकडा निवडला तर तो राखायला गंगाजळी लागते, आणि तीच नव्हती. साडेपाचावरून आठापर्यंतचा प्रवास करूनही रांग संपली नव्हती, हा अनुभव ताजा होता.

तिसरी, स्वतःचा रुपयाच सोडून डॉलर किंवा युरो स्वीकारायचा. त्यासाठी चलनातला प्रत्येक रुपया परत घ्यायला तितके डॉलर हवेत. ते असते तर संकटच नसतं.

चौथी, दर मोकळा सोडायचा, परकीय चलनावरचे निर्बंध काढायचे आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायचं. राजकीयदृष्ट्या ही सर्वांत कडू, कारण एका सकाळी लोकांच्या पगाराची किंमत निम्मी होणार हे आधीच माहीत असतं.

काय केलं

अध्यक्ष जेम्स मिशेल यांच्या सरकारने चौथी वाट धरली. 1 नोव्हेंबर 2008 पासून रुपया तरंगता झाला आणि परकीय चलनाचे निर्बंध हटले. तो शनिवार होता. असे निर्णय शनिवार-रविवारकडे सरकवण्यात शहाणपण असतं, बँकांना फलक आणि संगणक बदलायला दोन दिवस मिळतात. डॉलर आठावरून सोळाच्या आसपास गेला. 14 नोव्हेंबरला नाणेनिधीच्या मंडळाने दोन वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला: सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलर, म्हणजे देशाच्या कोट्याच्या (नाणेनिधीतल्या त्याच्या ठरलेल्या हिश्शाच्या) दुप्पट.

इथे थोडं थांबायला हवं. 2 कोटी 60 लाख म्हणजे रोख्यांच्या जेमतेम सव्वा वर्षाच्या व्याजाएवढी रक्कम. एवढ्याने देश वाचत नाही. नाणेनिधीच्या पैशापेक्षा त्याची मोहोर महत्त्वाची होती. पॅरिस क्लब, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांचा गट, नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असल्याशिवाय चर्चेला बसत नाही, आणि खासगी रोखेधारक पॅरिस क्लबने काय दिलं ते पाहूनच बोलतात. त्यामुळे क्रम ठरलेला होता.

तरंगत्या दराबरोबर दोन गोष्टी लगेच कराव्या लागल्या. एक, जादा रुपये शोषून घेणं. ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा) लिलाव मोकळा केला आणि व्याजदर 30 टक्क्यांच्या आसपास चढू दिला. हे टाळलं असतं, तर मोकळ्या झालेल्या रुपयांनी सगळ्यांनी डॉलरच घेतले असते आणि भाव सोळावर थांबला नसता. रुपया हातात ठेवण्याचा मोबदला मिळतो असं लोकांना दिसावं लागतं. दोन, सरकारने मध्यवर्ती बँकेकडून उचल घेणं बंद करणं. या वेळी मध्यवर्ती बँकेची धुरा पिअर लापोर्त यांच्याकडे आली आणि बँकेने विनिमय दराऐवजी चलनपुरवठ्यावर लक्ष केंद्रित केलं.

अर्थसंकल्पाच्या बाजूने सरसकट अनुदानं काढून गरजूंना थेट मदत द्यायला सुरुवात झाली. सरकारी नोकरांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि दहात एकाहून अधिक जागा कमी झाल्या. 2009 मध्ये व्याज वगळता सरकारी शिल्लक देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त राहिली. इतकी शिस्त कुठल्याही सरकारला सहसा झेपत नाही. छोट्या देशात सत्ताधारी एका खोलीत मावतात, निर्णय झाला की तो राबवायला अडथळे कमी असतात, हा त्याचा फायदा.

कर्जाची चर्चा दोन टप्प्यांत झाली. एप्रिल 2009 मध्ये पॅरिस क्लबने 16 कोटी 30 लाख डॉलरच्या कर्जात 45 टक्के कपात मान्य केली. ती एकदम दिली नाही: निम्मी जुलै 2009 मध्ये, उरलेली वर्षभराने, कार्यक्रम रुळावर राहिला तर. करारात नेहमीचं कलम होतं, की इतर सावकारांकडूनही तुलनेने तेवढीच सूट मिळवायची. हे कलम छोट्या कर्जदाराच्या हातातलं उत्तम हत्यार ठरतं: 'मी जास्त देऊ शकत नाही, तसं केलं तर पहिला करार मोडतो' असं खासगी रोखेधारकांना प्रामाणिकपणे सांगता येतं.

खासगी रोख्यांची अदलाबदल 2010 च्या सुरुवातीला झाली. जुन्या रोख्यांच्या बदल्यात निम्म्या मुद्दलाचे नवे रोखे मिळाले, मुदत 2026 पर्यंत, व्याज 3 टक्क्यांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने 8 टक्क्यांपर्यंत. आफ्रिकन विकास बँकेने नव्या व्याजाच्या काही हप्त्यांसाठी 1 कोटी डॉलरची हमी दिली. हमी मुद्दलाला नव्हती, फक्त व्याजाला, आणि तीही थोडीच. तरी तिने काम केलं. नुकतंच बुडवलेल्या देशाच्या नव्या कागदावर विश्वास ठेवायला रोखेधारकांना कुणाची तरी सही हवी होती. रकमेच्या हिशेबाने पाचात चारांहून अधिक रोखेधारकांनी होकार दिला.

देशांतर्गत कर्जाला हात लावला नाही. ते धारण करणाऱ्या स्थानिक बँका बुडाल्या असत्या तर पगार आणि ठेवीही अडकल्या असत्या. निर्णय बरोबर होता, पण 'स्थानिकांना झळ बसली नाही' असं म्हणणं चूक ठरेल. त्यांनी आपला वाटा महागाईच्या रूपाने दिला.

परिणाम

2008 च्या अखेरीस महागाईचा वार्षिक दर 60 टक्क्यांच्या वर गेला. 2009 ची सरासरीही 30 टक्क्यांच्या आसपास राहिली. मग ती कोसळली, 2010 मध्ये सरासरी किमती थोड्या उतरल्याच. इतक्या लवकर का? अनेक वस्तू आधीच काळ्या बाजारातल्या डॉलरने आलेल्या होत्या, त्यांच्या किमतीत बारा-तेराचा भाव मुरलेला होता. आठावर बसलेल्या वस्तूंनाच मोठी उडी बसली, आणि ती एकदाच बसली.

आपल्या आयातदाराकडे परत या. 20,000 डॉलरला आता 3,20,000 रुपये लागतात. दूध पावडर महाग झाली, पण बँकेत गेला की त्याच दिवशी डॉलर मिळतात, अर्ज, रांग आणि ओळख यांची गरज उरली नाही. फळ्या भरल्या. परदेशात ठेवलेले डॉलर बेटावर येऊ लागले, आणि आठाला न मिळणारा डॉलर सोळाला खिडकीवर पडून राहू लागला. रुपया मग वर आला: 2009 च्या अखेरीस भाव 11 च्या आसपास होता. नोव्हेंबर 2008 मध्ये घाबरून सोळाने डॉलर साठवणाऱ्यांचं नुकसान झालं. मध्यवर्ती बँकेने या मजबुतीचा फायदा घेऊन लिलावांतून डॉलर विकत घेतले आणि 2010 च्या अखेरीस गंगाजळी सुमारे 25 कोटींवर नेली.

डिसेंबर 2009 मध्ये नाणेनिधीच्या पहिल्या कार्यक्रमाच्या जागी जास्त मुदतीचा दुसरा आला. सोमाली चाच्यांचा त्रास आणि जागतिक मंदी असूनही 2009 मध्ये पर्यटकसंख्या 2008 च्या जवळपास राहिली, 2010 मध्ये ती वाढली. 2018 मध्ये देशाने 1 कोटी 50 लाख डॉलरचे 'नील रोखे' (समुद्र आणि मासेमारीच्या कामांसाठीचे रोखे) विकले, जागतिक बँकेची अंशतः हमी घेऊन. हमीची युक्ती तीच, वापर वेगळा.

खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. 2019 मध्ये 3 लाख 84 हजार पर्यटक आले होते, कोविडच्या वर्षी 1 लाख 15 हजार. डॉलरचं मुख्य दार जवळजवळ बंद झालं. रुपया 14 वरून वर्षाअखेरीस 21 च्या पुढे घसरला, पण रांग लागली नाही, रोख्यांचे हप्ते चुकले नाहीत. पर्यटक परतल्यावर 2021 मध्ये भाव बऱ्यापैकी सावरला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी 2006 मध्ये गेली. 20 कोटी डॉलर हातात आले तेव्हा त्यातला एक भाग बाजूला ठेवून, त्या आधारावर दर मोकळा केला असता, तर गंगाजळी असताना तरंगणं आणि ती संपल्यावर तरंगणं यातला फरक मिळाला असता. भाव सोळापर्यंत उसळला तो मुख्यतः मध्यवर्ती बँकेकडे विकायला डॉलरच नव्हते म्हणून. नंतरचा 11 चा आकडा सांगतो की ती उसळी बरीचशी घबराटीची होती.

एकरकमी मुद्दलाऐवजी हप्त्यांनी फेडीचे रोखे घ्यायला हवे होते. व्याज थोडं जास्त पडलं असतं, पण 2011 चा डोंगर उभा राहिला नसता. 2010 च्या नव्या रोख्यांमध्ये मुद्दल हप्त्यांत परत करण्याची सोय आलीच.

गरजूंसाठीची मदत तरंगत्या दराच्या आधी तयार असायला हवी होती. अनुदानं काढून ती द्यायचं यंत्र नंतर बसवताना मधले काही महिने कमी उत्पन्नाच्या घरांनी पूर्ण 60 टक्क्यांची महागाई सोसली. 87 हजारांच्या देशात कुणाला मदत द्यायची याची यादी चार-सहा आठवड्यांत तयार होऊ शकते. हे काम ऑगस्टमध्ये, पहिला हप्ता चुकल्यावर लगेच सुरू करता आलं असतं.

राहिला प्रश्न 2009 च्या मजबुतीचा. रुपया 16 वरून 11 वर येऊ दिला, त्याने महागाई लवकर उतरली. हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने मात्र वर्षभरात त्यांच्या डॉलरची रुपयातली किंमत जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटली, तीही पगार आणि वीज महागलेली असताना. मध्यवर्ती बँकेने लिलावात आणखी जोमाने डॉलर घेतले असते, तर भाव 12-13 ला थांबला असता आणि गंगाजळी लवकर भरली असती. त्या बदल्यात बाजारात जास्त रुपये आले असते आणि ते शोषायला पुन्हा ट्रेझरी बिलं विकावी लागली असती, व्याजाचा खर्च सरकारच्या माथी. बँकेने महागाई आधी संपवायची ठरवली. निर्यातदारांच्या बाजूने पाहणारा कुणीही हा निर्णय उलटा घेतला असता.